गुंगीत असलेल्या रुग्णाला सक्शनच्या वेळी खोकला येत नाही, यावरून पुढचे किती सांगता येते?

प्रश्न
दिंडोरीकर (नाशिक)

नमस्कार. माझे वडील, वय ६६, नाशिकमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर आहेत. न्यूमोनियातून जंतुसंसर्ग रक्तात पसरला, रक्तदाब उतरला आणि श्वास अपुरा पडू लागला, म्हणून नळी घालावी लागली. नळी सहन व्हावी यासाठी मिडाझोलाम आणि फेंटानिल ही औषधे शिरेतून सतत चालू आहेत. डोक्याला मार नाही, पक्षाघात नाही आणि मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये दोष आढळलेला नाही.

काल सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांवर टॉर्चचा उजेड टाकला, बुबुळाला कापसाचे टोक लावले, डोके दोन्ही बाजूंना वळवून पाहिले आणि सिस्टरांना सक्शन करायला, म्हणजे श्वासनळीतला कफ बारीक नळीने ओढून काढायला सांगितले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बाहुल्या चांगल्या आहेत, पण सक्शनला खोकला येत नाही, हे मला चांगले वाटत नाही." आणखी विचारण्याआधीच त्यांना दुसऱ्या रुग्णाकडे बोलावणे आले.

तेव्हापासून घरात एकमत नाही. काकांचे म्हणणे असे की, गुंगीचे औषध दिलेल्या माणसाला खोकला यावाच कसा, तेव्हा या तपासणीला अर्थ नाही. चुलत भाऊ औषधांच्या दुकानात काम करतो. खोकला नसणे म्हणजे मेंदूचे काम संपत आल्याची खूण, असे त्याने कुठेतरी वाचले आहे आणि वडिलांना मुंबईला हलवावे असा त्याचा आग्रह आहे. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. औषधाने झोपवलेल्या माणसाच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरून खरोखर काही कळते का? खोकल्याला इतके महत्त्व कशामुळे? आणि एवढ्यावरून आम्ही कुटुंबीयांनी काही निर्णय घ्यावा का?

उत्तर
अतिदक्षता चिकित्सक

आपल्या काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि डॉक्टरांच्या काळजीतही आहे. चुलत भावाने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, हे आधी स्पष्ट सांगतो.

डॉक्टरांनी जे तपासले ते सगळे ब्रेनस्टेमचे काम आहे. मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा हा भाग आकाराने लहान असला, तरी श्वास, हृदयाची गती, रक्तदाब आणि जागेपणा यांची केंद्रे त्यातच आहेत. उजेडाने बाहुली लहान होते तेव्हा या भागाचा वरचा टप्पा काम करत असतो. बुबुळाला स्पर्श होताच पापणी मिटते ती मधल्या टप्प्यामुळे. बेशुद्ध माणसाचे डोके वळवल्यावर डोळे उलट दिशेला सरकतात, त्यासाठी कानातल्या तोलाच्या यंत्रणेपासून डोळे हलवणाऱ्या नसांपर्यंतचा लांब मार्ग शाबूत असावा लागतो. श्वासनळीत सक्शनची नळी टेकल्यावर येणारा खोकला सर्वांत खालच्या टप्प्यातून, म्हणजे मेड्युलातून येतो. म्हणजे चार साध्या तपासण्यांत वरपासून खालपर्यंत सगळ्या टप्प्यांचा अंदाज मिळतो, आणि त्यासाठी टॉर्च, कापूस व सक्शनची नळी एवढेच साहित्य लागते.

आता औषधांचा प्रश्न. गुंगीच्या औषधाने या सगळ्या क्रिया एकदम आणि सारख्या प्रमाणात बंद पडत नाहीत. नेहमीच्या मात्रेत बाहुलीची प्रतिक्रिया, पापणी मिटणे आणि खोकला बहुतेक रुग्णांत टिकून राहतात, तर डोके वळवल्यावर होणारी डोळ्यांची हालचाल पुष्कळांमध्ये नाहीशी होते. म्हणून "गुंगीत आहे, तपासून काय उपयोग" असे म्हणता येत नाही. जी क्रिया त्या मात्रेत टिकायला हवी होती ती टिकली नसेल, तर कारण शोधावे लागते.

या विषयावर फ्रान्समध्ये तारेक शरशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातले रुग्ण आपल्या वडिलांसारखेच होते: मेंदूला थेट इजा नसलेले, इतर गंभीर आजारामुळे व्हेंटिलेटरवर असलेले आणि मिडाझोलामच्या गुंगीत असलेले. गुंगी सुरू झाल्यापासून १२ ते २४ तासांच्या दरम्यान त्यांच्या ब्रेनस्टेमच्या क्रिया तपासल्या. आजाराची एकूण तीव्रता हिशेबात धरल्यावरही, ज्यांना त्या वेळी खोकला नव्हता त्यांच्यात २८ दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता कित्येक पटींनी जास्त आढळली. डोके वळवल्यावर डोळे न हलणे या खुणेचा संबंध मृत्यूशी तितका दिसला नाही. तो दिसला गुंगी थांबवल्यानंतर रुग्ण गोंधळलेला, भ्रमित किंवा अर्धवट शुद्धीत असण्याशी. दोन खुणा दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि मला या अभ्यासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे २०१७ मध्ये त्याच गटाने अशा क्रिया एकत्र करून एक गुणांकही मांडला.

खोकल्याला महत्त्व का, याचे कारण पटण्यासारखे आहे. खोकल्याचे केंद्र मेड्युलात ज्या भागात आहे, त्याच्या अगदी लगत रक्तदाब, हृदयगती आणि श्वास यांचे नियमन होते. रक्तातला जंतुसंसर्ग केवळ फुप्फुसे आणि मूत्रपिंडे बिघडवत नाही. तो मेंदूच्या या भागालाही मंद करतो. म्हणून खोकला नसणे ही त्या शेजारच्या यंत्रणाही ढिल्या पडत असल्याची खूण असू शकते. त्याखेरीज एक सरळ कारणही आहे: खोकला नसेल तर कफ साचतो आणि न्यूमोनिया हटायला वेळ लागतो.

पण तो अभ्यास दोन टप्प्यांत झाला आणि दोन्ही टप्पे धरूनही त्यात रुग्ण दीडशेच्या आत होते. एवढ्या थोड्या रुग्णांवरून काढलेल्या धोक्याच्या पटींचा पल्ला फार रुंद असतो, म्हणजे खरा आकडा बराच कमी किंवा बराच जास्तही असू शकतो. शिवाय "शक्यता जास्त" हे गटाबद्दलचे विधान आहे. खोकला नसलेल्या त्या गटातही वाचलेले रुग्ण होते. आपल्या डॉक्टरांना ही खूण चांगली वाटली नाही याचा अर्थ ते वडिलांकडे अधिक बारकाईने लक्ष देणार आहेत, असा घ्यावा.

आपण त्यांना एवढे अवश्य विचारावे: तपासणीच्या वेळी गुंगी किती खोल होती, आणि त्यापूर्वी स्नायू शिथिल करणारे औषध दिले होते का? गुंगीची खोली रास नावाच्या मापाने, उणे ५ ते अधिक ४ अशा अंकांत मोजतात. उणे ५ म्हणजे हलवूनही कोणताच प्रतिसाद नाही. त्या पातळीवर खोकला नसणे आणि उणे २ वर खोकला नसणे यांचे वजन सारखे नाही.

उत्तर
सिस्टर, पंचवटी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या गोष्टी बरोबरच आहेत, मी फक्त सक्शनविषयी लिहिते, कारण ते काम आमच्या हातचे आहे आणि "खोकला नाही" ही नोंद बहुतेक वेळा आमच्याच तक्त्यावरून वर जाते.

खोकला तपासायचा तर सक्शनची नळी श्वासनलिकेच्या दुभाजकापर्यंत, जिथे ती डाव्या-उजव्या फुप्फुसांकडे फुटते तिथपर्यंत, पोहोचावी लागते. वरवरच्या सक्शनमध्ये नळी तोंडातून घातलेल्या नळीच्या आतच फिरते, श्वासनलिकेच्या अस्तराला तिचा स्पर्शही होत नाही, आणि खोकला न येणे स्वाभाविक असते. दुसरी गोष्ट म्हणजे रुग्णाला त्रास होऊ नये म्हणून कूस बदलण्यापूर्वी किंवा सक्शनपूर्वी फेंटानिलची जादा मात्रा देण्याची पद्धत आहे. ती योग्यच आहे, पण अफूच्या वर्गातली सगळी औषधे खोकला दाबतात, त्यामुळे अशा मात्रेनंतर लगेच केलेल्या सक्शनवरून निष्कर्ष काढता येत नाही. काही ठिकाणी नळीत लिग्नोकेन सोडतात, त्यानेही अस्तर बधिर होते.

म्हणून आमच्या विभागात खोकल्याच्या नोंदीपुढे वेळ, त्या क्षणी चालू असलेला औषधांचा वेग, रासचा अंक आणि शेवटची जादा मात्रा कधी दिली, हे लिहिण्याचा माझा आग्रह असतो. "आहे" आणि "नाही" यांच्यामध्ये "क्षीण" असाही एक शेरा ठेवावा लागतो. छातीचा थोडा झटका आणि व्हेंटिलेटरच्या पडद्यावर दाबाची एकच उसळी एवढाच तो खोकला असतो, पण तो असतो. दिंडोरीकर, आपण ही तपासणी कोणत्या वेळी आणि कशी झाली हे विचारलेत तर कोणी रागावणार नाही. नातेवाइकांचे असे नेमके प्रश्न आम्हालाही उपयोगी पडतात.

उत्तर
ग्रामीण डॉक्टर, सुरगाणा

स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा मुद्दा वर ओझरता आला आहे, तो मला अधिक ठामपणे मांडायचा आहे, कारण आमच्या भागात निसर्ग तोच प्रयोग दर पावसाळ्यात करून दाखवतो.

मण्यार चावलेला रुग्ण पुष्कळदा रात्री जमिनीवर झोपलेला असतो, दंशाची खूण मिळत नाही, आणि पहाटे पापण्या मिटलेल्या, हातपाय लुळे, श्वास थांबत आलेला अशा अवस्थेत त्याला आणतात. विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोपच अडवते. त्यामुळे खोकला नाही, पापणी मिटत नाही, डोके वळवले तरी डोळे हलत नाहीत, आणि काहींमध्ये बाहुल्याही विस्फारलेल्या, उजेडाला न बधणाऱ्या असतात. केवळ प्रतिक्षिप्त क्रिया पाहणाऱ्याला हा मेंदूमृत्यूच वाटेल. प्रत्यक्षात तो माणूस आतून जागा असू शकतो आणि आजूबाजूचे बोलणे ऐकत असतो. व्हेंटिलेटरचा आधार वेळेवर आणि पुरेसे दिवस मिळाला, तर असे रुग्ण चालत घरी जातात.

अतिदक्षता विभागात व्हेक्युरोनियम किंवा अॅट्राक्युरियम ही स्नायू शिथिल करणारी औषधे दिलेल्या रुग्णात बाहुल्या सोडून बाकी सगळे असेच दिसते, कारण बाहुली आकुंचित करणारा स्नायू वेगळ्या प्रकारचा असतो आणि या औषधांना तो दाद देत नाही. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेले असेल तर व्हेक्युरोनियमचा अंमल अपेक्षेपेक्षा बराच लांबतो. शंका असल्यास मनगटापाशी नसेला विजेचे हलके झटके देऊन अंगठा हलतो का ते पाहतात. अंगठा हलला तर निरोप पोहोचतो आहे, मग खोकला का नाही याचा विचार करता येतो.

बाहुल्यांवर विसंबणाऱ्यांसाठीही एक सावधगिरी. द्राक्षपट्ट्यात फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेले रुग्ण आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले असतात. त्या विषाने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि उपचारासाठी दिलेल्या अॅट्रोपिनने त्या विस्फारतात. दोन्ही अवस्थांत उजेडाची प्रतिक्रिया धड दिसत नाही आणि दोन्हींत ब्रेनस्टेमचा दोष नसतो. फेंटानिलनेही बाहुल्या इतक्या बारीक होतात की साध्या टॉर्चने हालचाल ओळखणे कठीण जाते, तिथे भिंग वापरावे. आता बाहुलीची हालचाल मोजणारी यंत्रेही आली आहेत, पण ती अजून सर्वत्र नाहीत.

उत्तर
मेंदूविकार विभाग, निवासी डॉक्टर

दिंडोरीकरांच्या चुलत भावाने जे वाचले असेल ते बहुधा हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांविषयीचे असावे, कारण प्रतिक्षिप्त क्रियांवरून भविष्य सांगण्याचे बहुतेक ठाम नियम त्या रुग्णांसाठी आहेत आणि ते इतरांना लावता येत नाहीत.

तिथे मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटे पूर्ण थांबलेला असतो. युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा रुग्णातही ७२ तास थांबावे लागते, गुंगीच्या औषधांचा अंमल उतरला आहे याची खात्री करावी लागते, आणि त्यानंतरही रुग्ण बेशुद्धच असेल तर प्रतिक्षिप्त क्रियांपैकी दोन्ही बाजूंच्या बाहुल्यांची आणि पापण्यांची प्रतिक्रिया नसणे ही एकच खूण धरली जाते. तिच्या जोडीला मेंदूच्या विद्युत तपासण्या, रक्तातले एन्झाइम किंवा स्कॅन यांपैकी निदान आणखी एक पुरावा जुळल्याशिवाय "सुधारणा होण्याची शक्यता फार कमी" असे म्हणत नाहीत. एवढी काळजी घेण्याचे कारण गंभीर आहे. एखाद्या खुणेवर विश्वास ठेवून उपचार आवरते घेतले तर रुग्ण जातो, आणि ती खूण खरी ठरली अशी नोंद होते. मग पुढच्या रुग्णात तिच्यावरचा विश्वास विनाकारण वाढतो. गुंगीतल्या रुग्णांवरचे अभ्यास वाचतानाही हा धोका मनात ठेवावा लागतो.

मेंदूमृत्यूचे निदान तर याहून पूर्णपणे निराळे आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ते ठरावीक डॉक्टरांच्या मंडळाने करायचे असते, निदान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासायचे असते, श्वास थांबल्याची चाचणी करायची असते, आणि गुंगीचे औषध, विष किंवा अतिथंड शरीर ही कारणे आधी वगळायची असतात. ज्यांना मिडाझोलाम चालू आहे आणि ज्यांच्या बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देतात, त्यांच्याबाबतीत हा विषयच उद्भवत नाही. आपल्या घरात या शब्दाची भीती बसली असेल तर ती काढून टाकावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
दिंडोरीकर (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांशी शांतपणे बोलता आले. स्नायू शिथिल करणारे औषध पूर्वीच बंद झाले होते. तपासणीच्या वेळी रासचा अंक उणे ५ होता. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा पदार्थ) वाढलेले असल्यामुळे मिडाझोलाम शरीरात साचत असावे असे त्यांनाही वाटते, म्हणून त्यांनी ते बंद करून प्रोपोफोल हे दुसरे गुंगीचे औषध कमी मात्रेत सुरू केले आहे. आज दुपारी खोल सक्शनला सिस्टरांनी "क्षीण खोकला" अशी नोंद केली. डोके वळवल्यावर डोळे मात्र हलत नाहीत. उतरलेला रक्तदाब टिकवून धरण्यासाठी चालू असलेले औषध थोडे कमी झाले आहे. आता या दोन खुणांचा अर्थ कसा लावावा, आणि मुंबईला हलवण्याविषयी काय करावे?

उत्तर
अतिदक्षता चिकित्सक

ही माहिती मिळाल्यामुळे चित्र बदलते. मिडाझोलामचे यकृतात रूपांतर झाल्यावर जो पदार्थ तयार होतो तोही गुंगी आणतो आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड मंद असेल तर पंप बंद केल्यावरही अंमल दिवसेंदिवस राहू शकतो. उणे ५ वर खोकला नव्हता आणि औषध बदलल्यावर तो क्षीणपणे आला, यावरून कालच्या खुणेत औषधाचा वाटा मोठा होता असे मानायला जागा आहे. तरीही कोणी आपल्याला "आता धोका टळला" असे सांगितले तर ते मी मान्य करणार नाही. या टप्प्यावर वडिलांचे पुढचे काय ते मुख्यतः रक्तदाबाच्या औषधाची गरज, फुप्फुसांना लागणारा ऑक्सिजन, लघवीचे प्रमाण आणि जंतुसंसर्ग आटोक्यात येणे यांवर ठरेल. ब्रेनस्टेमच्या क्रिया त्या चित्रात भर घालतात, त्याची जागा घेत नाहीत. रक्तदाबाचे औषध कमी होत आहे, ही मला आजच्या सगळ्या बातमीतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

डोळ्यांची हालचाल नसणे, तेही अजून औषधाचा अंमल असताना, फार मनाला लावून घेऊ नये. मात्र त्यावरून एक तयारी करावी. गुंगी उतरल्यावर वडील गोंधळलेले असू शकतात. आपल्याला ओळखणार नाहीत, नळी ओढू पाहतील, किंवा उलट डोळे उघडून शून्यात पाहत राहतील. हा दुसरा, शांत प्रकार पुष्कळदा लक्षातही येत नाही. याला डिलिरियम म्हणतात. तो वेड नव्हे, आणि बहुतेकांत तो ओसरतो, पण तो लांबला तर नंतर स्मरणशक्तीवर परिणाम राहण्याचा धोका वाढतो. त्यांना चष्मा किंवा कानाचे यंत्र लागत असेल तर ते सिस्टरांकडे आजच देऊन ठेवावे. भेटीच्या वेळी आपण कोण, आज वार कोणता, ते कुठे आहेत, हे त्यांच्याशी त्यांच्या रोजच्या बोलीत, छोट्या वाक्यांत सांगावे. रात्री दिवे मंद ठेवता येतील का, हे विचारावे. रोज सकाळी गुंगी थोडा वेळ थांबवून रुग्ण जागा होतो का ते पाहण्याची पद्धत २००० सालापासून रूढ होत गेली आहे आणि तिने व्हेंटिलेटरवरचे दिवस कमी होतात. ती आपल्या वडिलांसाठी कधीपासून शक्य आहे, याची चर्चा डॉक्टरांशी करावी. तो प्रयत्न झाला की त्याच वेळी या सगळ्या क्रिया पुन्हा तपासता येतील, आणि त्या नोंदीला कालच्या नोंदीपेक्षा कितीतरी जास्त वजन असेल.

मुंबईविषयी माझे मत विचारलेत तर, केवळ खोकला नव्हता म्हणून हलवू नये. रक्तदाबाचे औषध आणि व्हेंटिलेटर चालू असताना कसारा घाटातून रुग्णवाहिकेने नेणे यात नळी सरकण्यापासून रक्तदाब कोसळण्यापर्यंतचे धोके खरे आहेत, आणि ब्रेनस्टेमच्या या तपासण्या तिथेही टॉर्च, कापूस आणि सक्शनच्या नळीनेच होतील. नाशिकमध्ये उपलब्ध नसलेला एखादा विशिष्ट उपचार हवा असल्याचे आपले डॉक्टर स्वतः म्हणाले, तर गोष्ट वेगळी. तसे काही आहे का, एवढाच प्रश्न उद्या राउंडनंतर त्यांना विचारावा आणि काकांना व चुलत भावाला त्या वेळी सोबत घेऊन जावे, म्हणजे उत्तर सगळ्यांना एकदमच ऐकायला मिळेल.